मेहता, मेहली

(२५ सप्टेंबर १९०८ – १९ ऑक्टोबर २००२). पाश्चात्त्य अभिजात संगीतातील भारतीय व्हायोलिनवादक, वाद्यवृंदसंचालक व संगीतशिक्षक. जन्म मुंबईस एका पारशी कुटुंबात. शिक्षण मुंबई विद्यापीठात. लंडनच्या ट्रिनिटी संगीत महाविद्यालयाची ‘लायसेन्शिएट’ ही पदविका त्यांनी १९२९ मध्ये मिळविली. मुंबईतील बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा (१९३५) आणि बाँबे स्ट्रिंग क्वार्टेट (१९४०) ह्या संस्थांच्या उभारणीशी त्यांचे नाव निगडित आहे. पुढे मँचेस्टर, फिलाडेल्फिया व लॉस अँजेल्स येथे त्यांनी अनुक्रमे वाद्यवृंदातील वादक, चतुष्कातील वादक आणि तरुण वादकांच्या वाद्यवृंदाचे संचालक म्हणून कार्य केले. जगप्रसिद्ध वाद्यवृंदसंचालक झुबिन मेहता हे त्यांचे थोरले चिरंजीव. धाकटे झरीन हे वाद्यवृंदांचे व्यवस्थापक म्हणून ख्यातनाम झाले. ‘झुबिन मेहता यांचे वडील’ एवढ्याच ओळखीत मेहलींची बोळवण करण्याची प्रथा पडली असली, तरी त्यांच्या कारकीर्दीचा स्वतंत्र विचार होणे आवश्यक आहे. पाश्चात्त्य वृंदसंगीत मुंबईत का रुजले आणि ते पुरतेपणी का रुजले नाही, ह्या दोन्ही प्रश्नांची बरीचशी उत्तरे ह्या एका माणसाच्या आयुष्यक्रमात सापडतात.

मेहलींच्या कार्याचे स्वरूप समजण्यासाठी वाद्यवृंदातील प्रमुख व्हायोलिनवादकाचे, म्हणजेच ‘कॉन्सर्टमास्टर’चे स्थान ध्यानी घेतले पाहिजे. संचालकाच्या डाव्या हाताला अगदी पुढच्या आसनावर तो बसतो. वाद्ये सुरात लावून घेणे, त्रोटक एकलवादनाच्या जागा वाजविणे ही त्याची प्रेक्षकांना दिसणारी कामे होत. न दिसणारे काम याहून मोठे असते. एखादा स्वरसमूह गज खाली ओढत वाजवावयाचा की वर ढकलत, किती स्वर एका गजात घ्यावयाचे, गजाचा कोणता भाग तारेवर टेकवावयाचा, हे तो ठरवितो आणि त्याप्रमाणे सर्व व्हायोलिनवादकांच्या प्रतींवर खुणा केल्या जातात. दहा-वीस गज एकाच वेळी एकाच दिशेने हलतात, ते केवळ दिसावयास शोभिवंत म्हणून नव्हे. वाक्यखंडाचा उच्चार, श्वास व आघात हे सारे त्या दिशेवर अवलंबून असते. व्यासपीठावर छडी घेऊन उभा असलेला संचालक अर्थ सांगतो, परंतु तो अर्थ हाताच्या हालचालीत उतरविण्याचे दायित्व पुढच्या आसनावरील ह्या वादकाचे असते. मेहली मेहता यांनी प्रथम ही दुसरी भूमिका केली व नंतर पहिली. उभे राहून संचालन करू लागल्यावरही त्यांचा विचार बसलेल्या वादकाचाच राहिला, हे त्यांच्या संचालनकलेचे बळ होते आणि तीच तिची मर्यादाही होती.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईत पाश्चात्त्य संगीताचे वातावरण होते, पण ते विखुरलेले होते. लष्करी व नाविक दलांचे बँड, चर्चमधील गायनवृंद, मोठ्या हॉटेलांतील नृत्यवृंद, मूकपटांच्या पडद्यापुढे वाजविणारे वादक आणि पारशी-ख्रिस्ती घरांतील पियानो अशी त्याची नाना केंद्रे होती. वादकांचे दोन प्रमुख वर्ग होते. पारशी समाजात संगीत हे सुसंस्कृत गृहजीवनाचे अंग मानले जाई. ट्रिनिटी महाविद्यालयाच्या परीक्षा देणे ही रूढ वाट होती. परंतु त्यावर चरितार्थ चालवावा, ही कल्पना त्या समाजातही सहज मान्य होणारी नव्हती. दुसरा वर्ग गोमंतकीय ख्रिस्ती वादकांचा. पोर्तुगीज अमदानीत गावोगावच्या चर्चशी संलग्न अशा शाळांतून मुलांना स्वरलेखन वाचणे, गाणे व व्हायोलिन वाजविणे शिकविले जाई. तेथून तयार झालेले वादक पोटापाण्यासाठी मुंबईस येत. स्वरलेखन पाहताक्षणी वाजविण्याची त्यांची हातोटी असामान्य होती. बोलपटांचे युग सुरू झाल्यावर चित्रपटसंगीताच्या ध्वनिमुद्रणाचा भार मुख्यत्वे ह्याच वर्गाने उचलला.

बाँबे सिंफनी ऑर्केस्ट्रा ही संस्था ह्या दोन वर्गांच्या जोडणीतून उभी राहिली. तंतुवाद्यांच्या विभागात पारशी हौशी वादक, गोमंतकीय व्यावसायिक आणि मुंबईत वास्तव्य असलेले काही यूरोपीय अशी सरमिसळ असे. पितळी सुषिर वाद्यांसाठी बहुधा नाविक दलाच्या बँडमधील वादक उसने घ्यावे लागत. म्हणजे एखाद्या सिंफनीत तुतारीवजा ‘ट्रंपेट’ किंवा ‘हॉर्न’ यांना महत्त्वाचे वाक्य असेल, तर ते वाजविणारा माणूस त्या दिवशी कामावरून मोकळा आहे की नाही यावर कार्यक्रमाचे भवितव्य ठरावे. वादकांना पूर्णवेळ वेतन नव्हते. तालमी नोकरी-धंद्याच्या वेळा सांभाळून होत. कावसजी जहांगीर सभागृहासारख्या (आता तेथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे) ठिकाणी होणाऱ्या मैफलींना श्रोते येत. वर्षभर चालणाऱ्या वाद्यवृंदाचा खर्च उचलील असा आश्रयदाता मात्र ना ब्रिटिश सरकारात होता, ना शहरात. अशा स्थितीत बेथोव्हेन, ब्राम्स, चायकॉव्हस्की यांच्या रचना मुंबईकरांना प्रत्यक्ष ऐकावयास मिळाव्यात हीच मोठी गोष्ट होती. पहिल्या दशकात मेहलींनी प्रमुख व्हायोलिनवादक म्हणून आणि पुढे संचालक म्हणून हा डोलारा सांभाळला. प्रती मिळविणे, त्यांवर खुणा करणे, कच्च्या वादकाला घरी बोलावून त्याचा भाग बसवून घेणे, असे ते काम होते. तंतुवाद्य-चतुष्काचा पाया त्यांनी ह्याच काळात घातला, हेही लक्षणीय आहे. चतुष्कात संचालक नसतो. चौघांनी एकमेकांचे ऐकूनच वाजवावे लागते. वाद्यवृंद उसन्या वादकांवर चालत असता निदान चार वादक तरी कायम एकत्र वाजवीत राहतील, ही योजना शहाणपणाची होती.

महाराष्ट्रात व्हायोलिनला त्याच सुमारास अगदी निराळे रूप येत होते, याचाही येथे उल्लेख केला पाहिजे. गजाननराव जोशी, वि. गो. जोग, दा. के. दातार यांच्या परंपरेत हे वाद्य मांडी घालून, वाद्याचे डोके पायाशी टेकवून वाजविले जाते. तेथे मींड आणि गायकी अंग प्रधान असते. कोल्हापूर, पुणे व मुंबई येथील चित्रपटसंस्थांनी आणि नंतर आकाशवाणीने ते सुगम संगीताच्या साथीस घेतले. मेहलींनी मुंबई सोडली त्याच १९५५ साली पुणे केंद्रावरून गीतरामायण प्रसारित होऊ लागले आणि प्रभाकर जोग यांच्या व्हायोलिनचे स्वर मराठी घरांघरांत पोहोचले. एकच वाद्य, एकच प्रांत. पण कुलाब्याची तालीम आणि सदाशिव पेठेची बैठक यांच्यात देवाणघेवाण जवळजवळ झाली नाही. दोष कोणा एकाचा नव्हे. तथापि, मुंबईतील सिंफनी वाद्यवृंदाला मराठी श्रोता फारसा लाभला नाही आणि त्यानेही मराठी श्रोत्याकडे वळून पाहिले नाही, ही वस्तुस्थिती त्या संस्थेच्या अल्पायुष्याच्या कारणांत धरावी लागते.

मेहलींच्या कारकीर्दीतील पहिले निर्णायक वळण १९४५ चे होय. वयाच्या सदतिसाव्या वर्षी, पत्नी व दोन लहान मुले मुंबईस ठेवून, ते इव्हान गॅलॅमियन (१९०३–८१) यांच्याकडे शिकण्यासाठी न्यूयॉर्कला गेले आणि काही वर्षे तेथे राहिले. गॅलॅमियन हे त्या शतकातील व्हायोलिनच्या श्रेष्ठ शिक्षकांपैकी एक. इट्झाक पर्लमन, पिंकस झुकरमन आदी वादक पुढे त्यांच्या हाताखाली घडले. वादनात बिघाड कोठे आहे हे बोटांत, मनगटात, कोपरात नेमके शोधून ते दुरुस्त करण्याची त्यांची पद्धत होती. गजाच्या नियंत्रणाला तीत अग्रस्थान होते. लौकिक मिळविलेल्या, शहरात ज्याचा शब्द अखेरचा मानला जातो अशा वादकाने मध्यमवयात पुन्हा प्राथमिक स्वरावलींपासून आरंभ करावा, याला विलक्षण प्रामाणिकपणा लागतो. युरोपातील संगीतविद्यालयात लहानपणापासून मिळणारे सलग शिक्षण आपल्याला लाभले नाही, ही जाणीव त्यामागे असली पाहिजे. ह्या प्रवासाने मेहलींचे एकलवादक म्हणून जागतिक नाव झाले नाही; त्या वयात ते होणे शक्यही नव्हते. पण शिकविण्याची शिस्तबद्ध पद्धत त्यांच्या हाती आली. त्यांच्या उत्तरायुष्यातील सर्व कार्य ह्या मिळकतीवर उभे आहे.

परत आल्यावरचा काळ हा मुंबईच्या वाद्यवृंदाचा सर्वोत्तम आणि अखेरचा काळ ठरला. १९५२ मध्ये यहूदी मेन्युइन भारतात आले. (योगाचार्य बी. के. एस. अय्यंगार यांच्याशी त्यांची भेट झाली ती ह्याच दौऱ्यात, मुंबईस.) त्या सुमारास सोळा वर्षांच्या झुबिनने वडिलांच्या वाद्यवृंदाची तालीम प्रथम हाताळली. सेंट झेव्हियर्स महाविद्यालयातील वैद्यकपूर्व अभ्यास सोडून १९५४ मध्ये तो व्हिएन्नास हान्स स्वारोव्स्की यांच्याकडे संचालन शिकण्यास गेला. घरात सतत चाललेल्या चतुष्काच्या तालमी आणि वाद्यवृंदाचे रोजचे व्यवहार हेच आपले पहिले शिक्षण, असे झुबिन मेहता यांनी वारंवार सांगितले आहे. पुत्राच्या संचालनातील तंतुवाद्यांचा भरघोस, गडद नाद सर्वांना परिचित आहे. त्याचे श्रेय समीक्षक बहुधा व्हिएन्नाला देतात. त्यातील काही वाटा मुंबईच्या ह्या घराचाही असावा, असे म्हणण्यास जागा आहे.

१९५५ मध्ये मेहलींनी मुंबई सोडली. ते गेले आणि वाद्यवृंद टिकला नाही. ह्या निर्गमनाकडे दोन दृष्टींनी पाहिले जाते. एका मते, स्वातंत्र्योत्तर काळात यूरोपीय रहिवासी निघून गेले, बँड विस्कळीत झाले, श्रोतृवर्ग आटला. त्यामुळे त्यांना दुसरा मार्गच उरला नव्हता. दुसरे मत असे, की वीस वर्षांच्या श्रमांनंतरही वाद्यवृंद एका व्यक्तीच्या उत्साहावरच उभा राहिला, ही मूळ योजनेतील उणीव होती. पहिल्या मतात तथ्य आहे, परंतु दुसऱ्याचे वजन अधिक आहे. वादक संपले होते, असे म्हणता येत नाही. त्याच वर्षांत मुंबईच्या चित्रपट-ध्वनिमुद्रणांत तंतुवाद्यांचे ताफे वाढत होते. मडगावजवळील माजोर्डा येथील अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) ह्या व्हायोलिनवादक-संगीतसंयोजकाने १९५८ मध्ये ह्याच चित्रपटसृष्टीतील वादकांना एकत्र आणून भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभारला. रागांवर आधारलेल्या स्वतःच्या रचना त्याने वाजविल्या आणि लता मंगेशकर व मन्ना डे यांना एकल गायक म्हणून घेतले. तो प्रयोगही फार काळ चालला नाही आणि १९६५ च्या सुमारास गोन्साल्विसही अमेरिकेस गेले. (प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ मधील अमर अकबर अँथनी ह्या चित्रपटातील नायकाला गुरूचे नाव मिळाले, आणि पुष्कळांना ते नाव काल्पनिकच वाटत राहिले.) दोन व्हायोलिनवादक, दोन वाद्यवृंद आणि दोघांचाही शेवट परदेशगमनात. मेहलींपाशी परंपरा व शिस्त होती, गोन्साल्विस यांच्यापाशी भारतीय स्वरविचार आणि व्यवसायातील वादकांचा मोठा संच होता. ह्या दोन गोष्टी एका छताखाली आल्या असत्या, तर काय झाले असते हा प्रश्न निव्वळ कल्पनाविलासाचा नाही. दोघेही एकाच शहरात, काही मैलांच्या अंतरावर काम करीत होते.

मँचेस्टर येथील हॅले वाद्यवृंदात मेहली उपप्रमुख व्हायोलिनवादक म्हणून रुजू झाले. मुंबईत संचालक असलेल्या माणसाने तेथे पुन्हा वादकाचे आसन पत्करले. सर जॉन बार्बिरोली (१८९९–१९७०) हे त्या वेळी हॅलेचे संचालक होते आणि ते स्वतः मूळचे वाद्यवृंदातील चेलोवादक. युद्धकाळात, १९४३ मध्ये, न्यूयॉर्कहून परतल्यावर मोजक्या जुन्या वादकांना हाताशी धरून, उरलेल्या जागा विद्यार्थी व नवख्या वादकांनी भरून त्यांनी हा वाद्यवृंद काही आठवड्यांत पुन्हा उभा केला होता. तंतुवाद्यांच्या प्रतींवर स्वहस्ते गजाच्या खुणा करण्याचा त्यांचा परिपाठ प्रसिद्ध आहे. मुंबईत जे काम मेहली साधनांच्या अभावी, एकट्याने करीत होते, तेच काम कसून व संस्थेच्या बळावर कसे केले जाते, हे त्यांना येथे आतून पाहावयास मिळाले. शिवाय पूर्णवेळ वाद्यवृंदात रोज वाजविण्याचा अनुभव त्यांना वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षापर्यंत मिळालेलाच नव्हता. चरित्रपर लेखनात हॅलेची वर्षे बहुधा एका ओळीत उरकली जातात. वस्तुतः संचालक मेहलींच्या घडणीत त्यांचा वाटा मुंबईच्या वीस वर्षांइतकाच मोठा मानावा लागेल.

१९५९ मध्ये ते फिलाडेल्फियाच्या कर्टिस स्ट्रिंग क्वार्टेटमध्ये दुसरे व्हायोलिनवादक झाले. याशा ब्रॉडस्की, मॅक्स ॲरोनॉफ व ऑर्लँडो कोल हे त्यांचे सहवादक. दुसऱ्या व्हायोलिनचे काम बाहेरून दुय्यम वाटते. पहिल्या व्हायोलिनला आधार देणे, मधले स्वर भरणे, लय न बोलता सावरणे हे ते काम. ज्याला आपले नाव गाजावे असे वाटते, तो ते आनंदाने करीत नाही. मेहलींनी ते पाच वर्षे केले.

१९६४ मध्ये ते लॉस अँजेल्सला आले. झुबिन मेहता तेथील फिलहार्मनिक वाद्यवृंदाचे १९६२ पासून संगीतसंचालक होते. मुलाच्या सावलीत वडिलांना एखादे मानाचे पद मिळणे कठीण नव्हते. पण मेहलींनी कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या तेथील शाखेत वाद्यवृंद विभाग सांभाळला आणि त्याच वर्षी ‘अमेरिकन यूथ सिंफनी’ ही संस्था स्थापन केली. संगीतविद्यालयातून बाहेर पडलेला तरुण वादक आणि व्यावसायिक वाद्यवृंद यांच्यामध्ये जी पोकळी असते, ती भरून काढणे हा तिचा हेतू. सोनाटा व काँचेर्टो उत्तम वाजविणारा विद्यार्थी वाद्यवृंदात बसताच गोंधळतो. शेजाऱ्याचा गज पाहणे, संचालकाची छडी नजरेच्या कडेत ठेवणे, आपला आवाज विभागाच्या आवाजात मिसळणे, मोठ्याने वाजविण्याचा मोह आवरणे ह्या गोष्टी त्याला कोणी शिकविलेल्या नसतात. मेहलींनी त्या शिकविल्या. मैफली श्रोत्यांस विनामूल्य असत आणि खर्च देणग्यांतून भागे. १९९८ पर्यंत, म्हणजे वयाच्या नव्वदीपर्यंत, ते ह्या वाद्यवृंदाचे संचालन करीत होते. तेथून बाहेर पडलेले वादक अमेरिकेतील नामांकित वाद्यवृंदांत गेले. ध्वनिमुद्रिकांच्या बाजारपेठेत मेहलींचे नाव कधी मोठे झाले नाही. त्यांची कामगिरी दुसऱ्यांच्या वाद्यवृंदांतील आसनांवर विखुरलेली आहे.

मेहलींच्या संचालनकलेचे मूल्यमापन करताना, व्हायोलिनवादक संचालक आणि पियानोवादक संचालक यांतील जुना भेद उपयोगी पडतो. पियानोवादक रचना उभी पाहतो; एकाच क्षणी वाजणारे स्वरसंघात त्याला प्रथम दिसतात. व्हायोलिनवादक ती आडवी पाहतो. स्वराची रेघ कोठून निघाली व कोठे टेकली, हे त्याला अधिक जाणवते. मेहली निःसंशय दुसऱ्या जातीचे. एकोणिसाव्या शतकातील स्वच्छंदतावादी रचनांत, जेथे तंतुवाद्यांची दीर्घ रेघ हाच संगीताचा कणा असतो, ही दृष्टी फलदायी ठरते. जेथे काष्ठ सुषिर वाद्यांचे तुटक रंग किंवा तालाची मोडतोड हा रचनेचा प्राण असतो, तेथे ती अपुरी पडण्याचा संभव असतो. पण ज्याच्यापुढे विशीतले वादक बसले आहेत, त्या संचालकाने त्यांना आधी रेघ ओढावयास शिकविली, ह्यात त्याचे काही चुकले असे म्हणता येत नाही.

टीकेचा खरा मुद्दा वेगळा आहे. जपानमधील हिदेओ साइतो (१९०२–७४) यांच्याशी तुलना केली असता तो स्पष्ट होतो. तेही वाद्यवृंदातील चेलोवादक, तेही पुढे संचालक झाले आणि त्यांच्याही देशात पाश्चात्त्य संगीत परकेच होते. साइतो यांनी १९४८ मध्ये सहकाऱ्यांसमवेत तोक्योत मुलांसाठी संगीतवर्ग सुरू केला. त्यातून तोहो संगीतविद्यालय वाढले आणि सेइजी ओझावा यांच्यासारखे शिष्य निपजले. साइतोंनी प्रथम शाळा काढली, मग वाद्यवृंद आला. मुंबईत क्रम उलटा झाला. प्रथम वाद्यवृंद आला आणि शाळा आलीच नाही. मेहलींनी लॉस अँजेल्सला जे केले, ते मुंबईत १९३५ मध्ये करावयास हवे होते असे म्हणणे सोपे आहे. परंतु ते करण्यासाठी लागणारे ज्ञान त्यांना १९४५ नंतर गॅलॅमियन आणि १९५५ नंतर बार्बिरोली यांच्यापाशी मिळाले. ज्ञान आले तोवर शहर सुटले होते. हा दोष त्यांच्या पदरी किती घालावा आणि एकाही विद्यापीठाने वा शासनाने अशी शाळा काढली नाही, याचा किती, हे ठरविताना दुसऱ्या बाजूचे पारडे बरेच जड होते.

मुंबईत मेहली मेहता म्यूझिक फाउंडेशन ही संस्था १९९५ मध्ये स्थापन झाली. मुलांचे संगीतशिक्षण हे तिचे प्रमुख कार्यक्षेत्र आहे. नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स ह्या संस्थेने २००६ मध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया हा व्यावसायिक वाद्यवृंद उभारला, तेव्हा त्यातील बहुसंख्य वादक परदेशांतून, विशेषतः कझाकस्तानातून आणावे लागले. पुढे ह्या वाद्यवृंदाला जोडून मुलांसाठी संगीतविद्यालयही काढण्यात आले. अमेरिकन यूथ सिंफनी आर्थिक अडचणींमुळे २०२४ मध्ये बंद पडली. मेहली मेहता यांचे निधन लॉस अँजेल्सच्या परिसरात झाले. त्या वेळी ते ९४ वर्षांचे होते.